काळ्या टेपखालची दोन बटणे

मी एक जुना कीबोर्ड आहे. एकसष्ट स्वरपट्ट्यांचा. त्यांतली मधली एक पट्टी जराशी कलंडलेली आहे आणि उजव्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो डाग कोणाचा हे मला चांगले ठाऊक आहे, पण मी चहाडखोर नाही. निदान सुरुवातीलाच तरी नाही.

मित्रांनो, माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. थर्मोकोलच्या दोन तुकड्यांमध्ये मला दाबून बसवले, खोक्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असे लिहिले, आणि त्यानंतर दारेसलामच्या बंदरापर्यंत ती बाजू एकदाही वर नव्हती. तिथून ट्रकने म्वांझा, म्वांझाहून बोटीने सरोवर ओलांडून बुकोबा, आणि शेवटी एका मोटरसायकलवर, केळीचे घड बांधतात तसा केळीच्याच सोपटाच्या दोराने बांधून, मी रुशोझी गावी पोहोचलो. तेव्हापासून बारा वर्षे मी इथेच आहे. आता मला दुसरीकडे कुठे करमणारही नाही.

मला गावच्या चर्चच्या गायनमंडळाने आणले. मंडळातल्या बायकांनी दोन हंगाम पहाटे उठून गवतातले हिरवे नाकतोडे पकडले, पाय-पंख काढून, मीठ लावून तळले आणि बाजारात नेऊन विकले. नाकतोडे म्हणजे आमच्याकडे सणाचे खाणे. जो नाक मुरडतो त्याने ते चाखलेले नसतात, एवढेच मी म्हणेन. पण त्या दोन हंगामांत बायकांच्या स्वतःच्या घरी मूठभरही नाकतोडे उरले नाहीत, आणि ही गोष्ट मंडळातली सगळ्यांत उंच आवाजाची मा केमिलेम्बे मला आजपर्यंत ऐकवत आली आहे. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला 'मा' म्हणतात आणि बाप्याला 'ता'.

गायनमंडळाचे गुरुजी होते ता ब्याबातो. शाळेतून निवृत्त झालेले, काटक, सदा एका गालात कॉफीच्या दोन बिया धरून चघळणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला जुन्या चर्चमध्ये एका बाकावर ठेवले आणि एक पट्टी दाबली.

जुने चर्च म्हणजे मातीच्या विटांची बुटकी खोली. खिडक्यांना लागून केळीची बाग. मातीच्या भिंती आवाज पितात, आणि त्यांतून जो काही वाचतो तो केळीची पाने पितात. मी माझा पहिला सूर काढला. तो बाहेर पडला आणि जागच्या जागी मेला.

"अगं बाई! एवढ्या नाकतोड्यांचं हे आलं?" मा केमिलेम्बे म्हणाली. "पत्र्याच्या डब्यात मक्याचे दाणे टाकले तरी याहून बरं वाजेल."

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझा मूळचा आवाज असा कोरडा, रोडका आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, आणि पुढे किती तरी वर्षे मी ते विसरलो नाही.

ता ब्याबातोंनी मात्र हार मानली नाही. माझ्याबरोबर आलेले पुस्तक त्यांनी शुक्रवारी उघडले आणि रविवारच्या उपासनेपर्यंत मिटले नाही. त्या पुस्तकात त्यांना माझी दोन फिरती बटणे सापडली. ती माझ्या डाव्या खांद्यावर शेजारी शेजारी आहेत.

पहिल्याचे नाव रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. कोरड्या विहिरीत वाकून तुम्ही कधी हाक मारली आहे का? हाक संपली तरी आवाज विहिरीतच रेंगाळत राहतो, हळूहळू विरत जातो. हे बटण पिळले की माझ्या प्रत्येक सुराभोवती अशी विहीर तयार होते. दुसऱ्याचे नाव डिले, म्हणजे पडसाद. धाकटे भावंड आपण बोललेले वाक्य थोडे थांबून जसेच्या तसे पुन्हा म्हणते आणि आपल्याला छळते, तसे हे बटण करते. मी 'सा' म्हटले की क्षणभराने आणखी एक 'सा' येतो, मग त्याहून बारीक आणखी एक. मधला क्षण किती लांब असावा, हे बटण किती पिळले त्यावर ठरते.

गुरुजींनी दोन्ही बटणे अर्ध्यावर आणली आणि तोच सूर पुन्हा दाबला.

मा केमिलेम्बेने डोक्याला हात लावला आणि वर पाहिले.

"भिंती कुठे गेल्या?" ती म्हणाली.

मित्रांनो, काय सांगू! त्या मातीच्या खोलीत मी डोंगराएवढे चर्च उभे केले होते. शेजारच्या गावचे लोक खिडकीत गर्दी करू लागले. "रुशोझीच्या कीबोर्डात देवदूत बसलाय," असे म्हणू लागले. मी शेफारलो. हा देवदूत दोन बटणांत राहतो आणि खाली माझा तोच रोडका आवाज आहे, हे मी कोणाला सांगितले नाही. तुम्हीही सांगितले नसते.

दोन वर्षांनी गुरुजींच्या बोटांचे सांधे धरले. मग माझ्यापुढे कोकुहिर्वा येऊन बसली. सगळे तिला कोकु म्हणतात. ती गावची शिंपीण. चाळिशी उलटल्यावर तिने गुरुजींकडून वाजवायला शिकायला घेतले, तेव्हा लोक म्हणाले, हे काय आता म्हातारपणी? पण शिवणयंत्राच्या पायडलवर वीस वर्षे हललेला तिचा पाय होता. तो तालाला कधी चुकत नसे. बोटांना सुईची सवय होती. आणि ती मला वाजवण्याआधी रोज कोरड्या फडक्याने पुसायची, दोन पट्ट्यांमधली धूळ दाढीच्या जुन्या ब्रशने काढायची. तिच्याएवढे मला कोणी जपले नाही.

एकदा गुरुजींनी तिला विचारले, "दिवसभर शिवून पाठ मोडते, मग वर हा उद्योग कशाला गं?"

कोकु म्हणाली, "ता, आठवडाभर मी दुसऱ्याच्या मापाचं शिवते. रविवारी तासभर माझ्या मापाचं वाजवते."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढे जे घडले त्यात हाच तास पणाला लागला होता.

पण आधी लग्नाची गोष्ट सांगायला हवी. लग्न होते ता मुताशोब्यांच्या मुलीचे. मुताशोब्या म्हणजे चर्चचे वडील, पंचमंडळाचे प्रमुख. गावातले पहिले पदवीधर. हे तुम्हाला कोणी सांगितले नाही तरी ते स्वतः सांगतीलच. आमच्या लोकांना मोठेपणा मिरवायची हौस भारी, आणि मुताशोब्या त्यांतले मेरुमणी. त्यांनी लग्नाला बुकोबाचे साहेबलोक बोलावले होते.

सकाळच्या प्रार्थनेसाठी कोकुने पडसाद लांब ठेवला होता, संथ गीताला शोभेल असा. दुपारी मला मंडपात आणून ठेवले आणि वरात आत शिरली. वरातीची चाल ठेक्याची असते. दोन पावले पुढे, एक डोल, पुन्हा दोन पावले. कोकुने जलद गाणे धरले आणि बटण बदलायला विसरली. झाले! मी एक ठोका वाजवला की सकाळच्या चालीतला त्याचा पडसाद भलत्याच जागी येऊन पडे. निम्मे वऱ्हाड माझ्या ठोक्यावर पाऊल टाकत होते, निम्मे पडसादावर. नवरा पुढे गेला तेव्हा नवरी डोलत होती. नवरदेवाच्या बापाने नवरीच्या घोळावर पाय दिला, मागचा करवला त्यांच्या पाठीवर आपटला, आणि शेवटी तिन्ही जण केकच्या टेबलाला धरून उभे राहिले. केक वाचला. मुताशोब्यांची अब्रू वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी चर्चमध्ये आले. त्यांनी दोन्ही बटणे अंदाज घेत घेत पिळली. घुमारा भरपूर, पडसाद आखूड. चार गाणी वाजवून पाहिली. मग खिशातून वायरमनचा काळा टेप काढला, दातांनी तोडला आणि दोन्ही बटणांवर घट्ट बसवला.

"ही जागा या खोलीला बरोबर आहे," ते म्हणाले. "आता याला जो हात लावेल त्याची बोटं मी मोजून ठेवीन. कोकु, ऐकलंस?"

"ऐकलं, ता," कोकु मान खाली घालून म्हणाली.

त्या दिवसापासून सात वर्षे तो टेप तसाच राहिला. त्याच्या कडांना धूळ बसली, वरचा रंग उडाला. मला मात्र तो दागिन्यासारखा वाटे. टेप आहे तोवर माझा देवदूत सुरक्षित होता.

या सात वर्षांत गुरुजी थकले. मंडळ शिकवणे त्यांनी सोडले आणि ते पहिल्या बाकावर बसू लागले. दर रविवारी काठीवर हनुवटी टेकून, एक हात उजव्या कानामागे धरून. गाणे सुरू झाले की त्यांचे ओठ हलायचे. आम्हा सगळ्यांना वाटे, म्हातारा किती आनंदाने ऐकतोय.

मग नवे चर्च बांधायचे ठरले. डोंगराच्या माथ्यावर, उघड्यावर. पक्क्या विटा, आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, निलगिरीच्या झाडांच्या शेंड्यांना भिडेल एवढे उंच पत्र्याचे छप्पर. चार वर्षे काम चालले. शेवटचे दार बसले त्या दिवशी ता मुताशोब्यांनी कुलूप लावले आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आमच्याकडची रीतच अशी आहे. नवे चर्च बिशपबाबांनी उघडायचे. तोवर आत कोणी गायचे नाही, प्रार्थना करायची नाही, मोठ्याने बोलायचेसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात पंचमंडळाची बैठक झाली. जुन्या चर्चमध्येच, माझ्यासमोर. माणसे वाद्यांसमोर फार मोकळेपणाने बोलतात.

"नवं चर्च, नवं वाद्य, नवा वादक," मुताशोब्या म्हणाले. "बुकोबात एक शिकलेला वादक आहे, स्वतःचा नवा कोरा कीबोर्ड घेऊन येतो. हे जुनं खोकं ठेवू भांडारात, झाडूंजवळ. कोकुनं खूप सेवा केली, देव तिचं भलं करो."

कोकु तेव्हा दाराशी उभी होती. तिच्या हातातले कापड खाली पडले. ती आत आली आणि वडीलधाऱ्यांपुढे बसतात तशी गुडघ्यांवर बसली.

"ता, मला काढू नका."

"काढतोय कोण? विश्रांती देतोय."

"विश्रांती मी कोणाकडे मागितली? एक संधी द्या. उद्घाटनाच्या दिवशी आम्हाला वाजवू द्या. वाईट झालं तर मी आपणहून उठेन, परत या बाकाकडे बघणार नाही."

मुताशोब्यांनी दाढी खाजवली. बाकीचे पंच खाली पाहू लागले. त्या सगळ्यांचे कपडे कोकुच शिवायची.

"बरं. उद्घाटनाची तीन गाणी तुझी," मुताशोब्या म्हणाले. "पण बिशपबाबांसमोर माझ्या मुलीच्या लग्नासारखा तमाशा झाला, तर दुसऱ्या दिवशी बुकोबाला फोन जाईल."

"मग एकदा आत जाऊन वाजवून बघू द्या. नुसती दोन मिनिटं."

त्यांनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "कुलूप बिशपबाबा उघडतील. तोवर आत फक्त गवंडी, वायरमन आणि पाली."

त्यामुळे आम्ही सगळा सराव जुन्या खोलीत केला. तीन आठवडे. तीन गाणी अशी घोटली की मा केमिलेम्बे झोपेतही गायची. मी खुशीत होतो. आधीच देवदूत, त्यात नवे उंच चर्च. आता काय, दुधात साखर! एवढ्या मोठ्या घरात माझा घुमारा किती शोभेल, असे मनात मांडे खात मी त्या दिवसाची वाट पाहिली.

तो रविवार उजाडला. सारे गाव धुतलेल्या कपड्यांत डोंगरावर लोटले. बिशपबाबांनी फीत कापली, मुताशोब्यांनी गळ्यातली किल्ली काढून त्यांच्या हातात दिली, कुलूप उघडले. आधी गायनमंडळ आत जाणार, आणि मिरवणुकीने येणाऱ्या बिशपबाबांचे गाण्याने स्वागत करणार, असा बेत होता. मला चौघांनी उचलून आत नेले, भोंग्यांना जोडले. हॉल रिकामा होता. कोकुने हाताने खूण केली आणि मी पहिला सूर सोडला.

मित्रांनो, तो सूर गेला तो परत आलाच. नुसता नाही, समोरच्या भिंतीवरून, डावीकडून, छपरावरून, सगळीकडून आला. त्याच्या मागे माझ्या टेपखालचा घुमारा, त्याच्या मागे भिंतींचा घुमारा. पडसादाला भिंतींनी पडसाद दिला. दुसरा सूर निघाला तेव्हा पहिला अजून हॉलमध्ये फिरत होता. तिसरा त्यांच्यावर जाऊन आदळला. चार ओळींत गाण्याचा पिठल्यासारखा लगदा झाला. मागच्या रांगेतले पुरुष अर्धा ठोका मागे पडले, पुढच्या बायका अर्धा ठोका पुढे धावल्या. मा केमिलेम्बे मध्येच थांबली आणि तोंड उघडे ठेवून छपराकडे पाहत राहिली. बिशपबाबाही वर पाहत आत आले. पत्रा सुटलाय की काय, असे त्यांना वाटले असावे.

गाणे कसेबसे संपले. माझ्या आयुष्यात एवढे वाईट मी कधी वाजलो नव्हतो.

लोक बाकांवर बसू लागले तेव्हा मुताशोब्या वाकून कोकुच्या कानाशी आले.

"झालं? फिटली हौस?"

"ता, भिंती बोलतायत," कोकु पुटपुटली. "खोली आवाज परत फेकतेय."

"नाचता येईना, अंगण वाकडं! चार वर्षं बांधलेल्या चर्चला नावं ठेवतेस? आता पुढची दोन गाणी वाजवू नकोस. नुसते गातील."

ते जाऊन पहिल्या बाकावर बसले, ता ब्याबातोंच्या शेजारी. गुरुजी नेहमीसारखे हात कानामागे धरून होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते.

कोकु माझ्यापुढे बसून होती. रडत नव्हती. तिने फडके काढले आणि माझ्या पट्ट्या पुसायला लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फार सावकाश. ती माझा निरोप घेते आहे, हे मला कळले. मला झाडूंजवळचा तो कोपरा दिसू लागला. पण खरे सांगतो, त्या क्षणी मला स्वतःपेक्षा तिचा तो रविवारचा तास जास्त आठवत होता.

बिशपबाबा प्रार्थनेला उभे राहिले. "आपण शांत होऊ या," ते म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले. एवढ्या माणसांत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली.

आमच्या चर्चमध्ये लोक अर्पणाला जे घरी पिकते तेच आणतात. केळीचे घड, गवतात गुंडाळलेली अंडी, अननस. उपासना झाल्यावर बाहेर त्यांचा लिलाव होतो. हे सगळे त्या दिवशी माझ्या शेजारीच रचून ठेवले होते, आणि त्यात एका टोपलीखाली होता मुताशोब्यांनी आणलेला कोंबडा. गावातला सगळ्यांत मोठा, तुरेबाज. आदल्या दिवसापासून ते त्याच्याबद्दल सांगत होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे तर झाकलेले कोंबडेच आरवले.

"कुकूच्‌ कू!"

आणि समोरच्या भिंतीवरून दुसरा कोंबडा आरवला. मग छपरातून तिसरा, जरा लांबचा. मग कुठेतरी दूर, सुंदर, गोल, हळूहळू विरत जाणारा चौथा. तो एवढा गोड विरला की क्षणभर कोणाला हसू सुचलेच नाही. मग सारे चर्च खदखदून हसले.

"याचं अर्पण सगळ्यांच्या आधी पोचलं," बिशपबाबा म्हणाले आणि स्वतःच डोळे पुसू लागले.

कोकु हसली नाही. फडके हातात धरून ती टोपलीकडे पाहत होती. मग भिंतीकडे. मग छपराकडे. आणि मग तिने माझ्या डाव्या खांद्यावरच्या काळ्या टेपकडे पाहिले.

कोंबड्याच्या अंगावर एकही बटण नव्हते.

मला तिच्या मनातले कळले आणि माझा जीव घाबरला. नको, कोकु! मी आतल्या आत ओरडलो. माझी अब्रू त्या टेपखाली आहे. तो काढलास तर उरेल ते पत्र्याच्या डब्यातले मक्याचे दाणे. बिशपबाबांसमोर, साऱ्या गावासमोर!

तिचाही हात टेपवर येऊन थांबला. तिने पहिल्या बाकाकडे पाहिले. गुरुजींचे डोळे मिटलेले होते. सात वर्षांत त्यांची आज्ञा तिने एकदाही मोडली नव्हती. मग तिने नखाने टेपची कड उचलली आणि एका ओढीत तो काढून टाकला. दोन्ही बटणे पार मागे पिळली. घुमारा शून्य. पडसाद शून्य.

दुसऱ्या गाण्याची वेळ झाली. मंडळ नुसतेच गाणार म्हणून मुताशोब्या निवांत बसले होते. कोकुने एक सूर दाबला.

माझा मूळचा, कोरडा, रोडका सूर. तो माझ्यातून निघाला तेव्हा मला लाज वाटली. पण तो पुढे गेला आणि भिंतीने तो झेलला. भिंतीने त्याला अंग दिले, छपराने त्याला उंची दिली, आणि तो जमलेल्या माणसांच्या अंगावरून मऊ होऊन परत आला. कोकु त्याची वाट पाहत थांबली. तो विरत आला तेव्हाच तिने दुसरा दाबला. जुन्या खोलीतल्यापेक्षा तिने चाल जरा सावकाश ठेवली, भिंतींना बोलायला वेळ देऊन.

मा केमिलेम्बेला लगेच उमगले. ती गाऊ लागली. मग बायका, मग मागचे पुरुष. बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन, असे चारी आवाज वेगवेगळे कळावेत इतके स्वच्छ होते. दुसऱ्या कडव्याला बाकांवरचे लोक उठून उभे राहिले, आणि तिसऱ्या कडव्याला बिशपबाबा पुस्तक मिटून तोंडपाठ गाऊ लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या आवाजात गात होतो, आणि तो पुरेसा होता. मला रडू आले असते, पण आतल्या तारांना पाणी चालत नाही.

उपासना संपली. लोक बाहेर लिलावाला पळाले. मुताशोब्या मात्र माझ्याजवळ आले आणि कोकुसमोर उभे राहिले. घसा खाकरला. तिने वर पाहिले.

"कोंबडा माझा होता," ते म्हणाले. "हे विसरू नकोस."

"नाही विसरणार, ता."

"कोणी विचारलं तर सांगायचं, मुताशोब्यांच्या कोंबड्यानं दाखवलं."

"असंच सांगेन. आणि बुकोबाचा फोन?"

"कसला फोन?" त्यांनी असे विचारले, जणू त्यांनी बुकोबाचे नावही ऐकलेले नव्हते. "उगाच विषय वाढवू नकोस. माझा कोट कधी शिवून होणार ते सांग." आणि ते घाईने बाहेर गेले. आपलाच कोंबडा दुसरे कोणी बोली लावून नेईल, याची त्यांना काळजी होती. शेवटी त्यांनीच तो घेतला आणि संध्याकाळी कोकुच्या घरी पाठवून दिला. बरोबर निरोप होता, 'कापायचा नाही. गुरू आहे तो तुझा.'

पण ते नंतरचे. त्याआधी आमचे खरे गुरुजी काठी टेकत माझ्यापर्यंत आले. टेप जिथे होता तिथे चिकट, चौकोनी डाग उरला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवले. कोकु पटकन गुडघ्यांवर बसली.

"ता, चूक झाली. तुम्हाला न विचारता काढला."

"वेडी आहेस का?" गुरुजी म्हणाले. "मी टेप त्या मातीच्या खोलीसाठी लावला होता. खोली बदलली तरी टेप तोच? आधी कान, मग बोट, हे काय मी भिंतीला शिकवलं?" मग त्यांचा आवाज खाली आला. "कोकु, आज मला शब्द ऐकू आले."

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. कानात नुसता गुंजारव यायचा. मधमाश्यांच्या पोळ्यात बसल्यासारखं. सूर कळायचे, शब्द कळायचे नाहीत. ओठ हलवायचो, कारण गाणी पाठ होती. म्हटलं, म्हातारपण आलं, कोणाला कशाला सांगायचं? आज दुसऱ्या गाण्याला शब्द न् शब्द कानात पडला. तुम्ही तिसऱ्या कडव्यात एक ओळ खाल्लीत, ते सुद्धा कळलं."

कोकुने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. आणि मी? मित्रांनो, मला वाटले होते की जुन्या खोलीत तरी माझा देवदूत खरा होता. त्याच घुमाऱ्यात, पहिल्या बाकावर, ज्याने माझी बटणे शोधून काढली तोच माणूस दोन वर्षे एकटा बसला होता, आणि मी कौतुक ऐकण्यात गुंग होतो. याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता मी नव्या चर्चमध्ये असतो. माझ्यावर कोकुने शिवलेले निळे झाकण असते. बटणांवर टेप नाही. लोक मोकळ्या हवेत जमले, सरोवराकाठी बाप्तिस्म्याला गेले, की ती घुमारा उघडते, कारण तिथे भिंतीच नसतात. संथ प्रार्थनेला चिमूटभर पडसाद घालते, भाजीत मीठ घालावे तेवढाच. चर्चमध्ये मात्र कोरडाच वाजवते. पहिला सूर दाबते, थांबते, खोली काय म्हणते ते ऐकते, आणि मग पुढे जाते. पहिल्या बाकावर गुरुजी बसतात. त्यांचा हात आता कानामागे नसतो, काठीवर असतो, आणि एखादी ओळ चुकली की ती काठी जमिनीवर आपटते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझे एखादे भावंड असेल, तर त्याला धुळीपासून जपा, झाकण घाला, आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवू नका, मा केमिलेम्बेसारखा. (बघा, बोलून गेलोच.) त्याची बटणे जरूर फिरवा. ती फिरवण्यासाठीच असतात. पण आधी एक साधा सूर दाबून खोलीला बोलू द्या. आणि तुमचे गाणे ऐकून सारे जण टाळ्या वाजवत असले, तरी पहिल्या बाकावर नुसते ओठ हलवत बसलेल्या माणसाजवळ एकदा जाऊन विचारा, "शब्द ऐकू येतात ना?"